जुनी शिकार-मासेमारीची मासिकं जमवताय? अंक फाडू नका

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

अकरा वर्षं झाली मिशिगनमध्ये येऊन. त्यातली आठ वर्षं एका छंदात गेली, पण त्याबद्दल मराठीत कुणाशी बोलायलाच मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतोय. मी जुनी अमेरिकन शिकारीची आणि मासेमारीची मासिकं जमवतो. फील्ड अँड स्ट्रीम, आउटडोअर लाइफ, स्पोर्ट्स अफील्ड ही मुख्य तीन, आणि नशिबाने हाती लागलंच तर त्यांच्याही आधीचं फॉरेस्ट अँड स्ट्रीम. बंदूक मी आयुष्यात हातात धरलेली नाही. गळ मात्र लहानपणापासून टाकतो, तेव्हा सांगलीला कृष्णेवर आणि आता इथल्या तळ्यांवर.

सुरुवात अशी झाली. इथे घरातलं माणूस गेलं किंवा घर मोडायचं ठरलं की दोन-तीन दिवस घर उघडं ठेवतात आणि आतलं सगळं सामान तिथल्या तिथे विकतात. इस्टेट सेल म्हणतात त्याला. आम्ही एका शेतघरात गेलो होतो जेवणाचं टेबल बघायला. टेबल आधीच कुणी नेलेलं. तळघरात सफरचंदांच्या दोन लाकडी खोक्यांत ४६ अंक होते, बहुतेक १९३०च्या दशकातले. वीस डॉलर दिले आणि घेऊन आलो.

घरी येऊन एक अंक उघडला, तर शेवटच्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: तारीख, तळ्याचं नाव, 'पर्च ९, ब्लूगिल १४, वारा पश्चिमेचा'. (पर्च आणि ब्लूगिल ही माशांची नावं.) पुढच्या अंकात परत तसंच. त्या माणसाने तीन उन्हाळ्यांची टिपणं या समासांतून ठेवली होती. काही दिवशी नुसतं 'काही नाही' एवढंच. ज्या तळ्याचं नाव त्यात आहे, ते माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. त्या रात्री मी ४६ च्या ४६ अंकांची पानं उलटली आणि तेव्हापासून यातून बाहेर पडलेलो नाही.

ज्यांना या मासिकांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉरेस्ट अँड स्ट्रीम १८७३ चं, सुरुवातीला साप्ताहिक. स्पोर्ट्स अफील्ड १८८७ साली डेन्व्हरला निघालं, आउटडोअर लाइफही डेन्व्हरचंच, १८९८ चं. फील्ड अँड स्ट्रीमचा जन्म १८९५ चा, मिनेसोटातल्या सेंट पॉलचा. पुढे ते न्यूयॉर्कला गेलं आणि १९३० साली त्याने फॉरेस्ट अँड स्ट्रीमला पोटात घेतलं. मुखपृष्ठांसाठी मोठमोठे चित्रकार राबत. पाण्यावर उतरणारी बदकं रंगवावीत ती लिन बोग हंटने. त्याची मुखपृष्ठं मी पाच फुटांवरून ओळखतो.

पण खरं सांगायचंय ते मुखपृष्ठांबद्दल नाही. अंकाचा जीव असतो मागच्या पानांत, छोट्या जाहिरातींत. एक उदाहरण देतो. माझ्याकडच्या १९३०च्या दशकाच्या सुरुवातीच्या अंकांत 'आवाज देणारी बदकं' विकायच्या ओळी आहेत. ही पाळीव बदकं पाण्यात पाय बांधून सोडायची. ती ओरडली की वरून जाणारा रानबदकांचा थवा खाली उतरायचा आणि दबा धरून बसलेले शिकारी बार काढायचे. शिकवलेल्या जोडीला चांगला भाव होता, लोक दूरदूरच्या राज्यांतून मागवायचे. १९३५ साली केंद्र सरकारने जिवंत बदकांचं आमिष लावायला बंदी घातली. माझे अंक ओळीने लावले तर त्यानंतर त्या जाहिराती विरत जाताना दिसतात. एका बाजूला बदकांची संख्या कोसळते आहे, दुष्काळाने उत्तरेतली पाणथळ आटली आहेत. १९३४ पासून शिकाऱ्याला एक डॉलरचं बदक-तिकीट घ्यावं लागतंय, आणि त्यावरचं पहिलं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराचं आहे, जो स्वतःच तेव्हा वन्यजीवांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचा प्रमुख होता. दुसऱ्या बाजूला बदकं पाळून विकणारा एखादा माणूस दर महिन्याला दोन ओळींची जाहिरात देत होता, तो एका महिन्यात गप्प होतो. हे मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात इतकं जवळून दिसलं नाही.

गळाच्या बाबतीतही तेच. आमच्या मिशिगनमधल्या डोवॅजिॲक गावच्या जेम्स हेडनने लाकडाचे नकली मासे आणि बेडूक करून विकायला सुरुवात केली आणि त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. वर्षावर्षाच्या जाहिराती शेजारी ठेवल्या की त्या लाकडी माशाला काचेचे डोळे आलेले, रंग बदललेले, पुढे प्लास्टिक आलेलं, सगळं दिसतं. महायुद्धाच्या काळातल्या अंकांत कंपन्या विकायला काहीच नसताना जाहिराती देतात: आमचा कारखाना सध्या सैन्यासाठी राबतोय, तुमचं गळाचं रीळ विजयानंतर. वर घरोघरची रद्दी तेव्हा युद्धासाठी गोळा करत होते. किती जुने अंक त्या रद्दीत गेले असतील याचा विचार करवत नाही.

आता माझी खंत. बाजारात 'ब्रेकर' म्हणून एक जमात आहे. ती अख्खा अंक घेते, पिना काढते, मुखपृष्ठ वेगळं, बंदुकीची रंगीत जाहिरात वेगळी, माशाची वेगळी अशी पानं सुटी करून फ्रेमसाठी विकते, आणि उरलेला अंक कचऱ्यात टाकते. म्हणजे बदकवाल्याच्या दोन ओळी कचऱ्यात आणि समासातली टिपणंही कचऱ्यात. गेल्या महिन्यात मी ऑनलाइन एक 'संपूर्ण' अंक घेतला. आला तेव्हा मधली सोळा पानं गायब. विक्रेत्याने पैसे परत केले, पण पानं कुठून परत येणार?

म्हणून नवीन घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो: अंक अख्खा घ्या आणि अख्खा ठेवा. घेताना प्रत्येक पान उलटा. त्या काळी कॅटलॉग मागवायला जाहिरातीतलं कुपन कात्रीने कापून पाठवत, त्यामुळे खूप अंकांत पानाचा कोपरा नसतो आणि त्यामागचा मजकूरही गेलेला असतो. मधल्या पिना बघा. मुखपृष्ठावर वर्गणीदाराचा पत्ता चिकटवलेला असेल तर भाव उतरतो, पण मला तो पत्ता असलेला अंक जास्त आवडतो, कारण तो कुणाच्या घरी आला ते कळतं. १९५० नंतरचे अंक इथे दोन-पाच डॉलरला ढिगाने मिळतात, तिथून सुरुवात करा. आणि अमेरिकेत टपालाने मागवत असाल तर एक नियम ध्यानात ठेवा: पुस्तकांसाठीचा स्वस्त 'मीडिया मेल' दर मासिकांना चालत नाही, कारण त्यात जाहिराती असतात.

इथे आणखी कुणी असलं काही जमवतं का? भारतातल्या जुन्या अंकांबद्दलही ऐकायला आवडेल.

---

पोटमाळा

वाचतोय. समासातली टिपणं वाचून अंगावर काटा आला. त्यांचे फोटो टाका की!

---

रानवाट

लेख मनापासून लिहिलाय हे कळतं, तरी मनात आलं ते स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी पंधरा वर्षं ताडोबाच्या आसपास फिरतोय. मेलेल्या जनावराच्या डोक्यावर पाय ठेवून काढलेले फोटो मला बघवत नाहीत. ही मासिकं म्हणजे त्या सगळ्याचा उदोउदो. ती जपण्यात आपण नेमकं काय जपतोय?

---

कृष्णाकाठ

@रानवाट, राग कसला, हा प्रश्न मलाही पडला होता. तसे फोटो त्यात भरपूर आहेत आणि मलाही ते बघवत नाहीत. पण एक हकीकत सांगतो.

१८९४ चा मार्च. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान होऊन बावीस वर्षं झालेली, पण आत जनावर मारलं तर शिक्षा करायला कायदाच नव्हता. एडगर हॉवेल नावाचा चोरटा शिकारी बर्फात रानरेड्यांची (बायसनची) कातडी सोलताना रंगेहाथ पकडला गेला. जास्तीत जास्त काय, तर त्याचं सामान जप्त करून त्याला उद्यानाबाहेर काढायचं. योगायोगाने फॉरेस्ट अँड स्ट्रीमचा वार्ताहर एमर्सन हफ तेव्हा उद्यानातच होता. त्याने बातमी पाठवली. संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल वर्षानुवर्षं याच विषयावर लिहीत आला होता. त्याने मारलेल्या रेड्यांच्या फोटोंसह ती छापली आणि वाचकांना आपापल्या खासदाराला पत्रं लिहायला लावली. ७ मे १८९४ ला राष्ट्राध्यक्षांनी कायद्यावर सही केली. पकडल्यापासून दोन महिन्यांच्या आत! तरीही १९०२ पर्यंत त्या उद्यानात जेमतेम दोन डझन रानरेडे उरले होते. कायदा आला नसता तर तेही उरले नसते असं मला वाटतं.

वाचणारे कोण होते? शिकारीच. ग्रिनेल स्वतः शिकारी होता. पक्ष्यांच्या पिसांसाठी चाललेली कत्तल थांबवायला त्याने १८८६ साली याच साप्ताहिकातून हाक दिली आणि पहिली ऑड्युबॉन सोसायटी उभी राहिली. पुढे १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला, आणि १९५० साली तसाच मासेमारीच्या सामानावर. त्या दुसऱ्या, डिंगेल-जॉन्सन कायद्याच्या नावातला डिंगेल आमच्या मिशिगनचा खासदार. मी कुणाला साधुसंत ठरवत नाही. पण मारणं आणि वाचवणं एकाच अंकात, कधीकधी समोरासमोरच्या पानांवर छापलेलं आहे. फक्त सुंदर पानं कापून भिंतीवर लावली तर हे कळायचं बंद होईल.

---

गोरेवाडा

@रानवाट, @कृष्णाकाठ, तुमच्या दोघांच्या बोलण्यात आपल्याकडचं एक उदाहरण फार चपखल बसतं.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ जणांनी मिळून काढली. त्यांत दोन भारतीय, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, दोघेही आपली मराठी माणसं. सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतंय. (म्हणजे ग्रिनेलची हाक आणि हे जर्नल एकाच वर्षातले!) ते शास्त्रीय नियतकालिक आहे, पण सुरुवातीच्या खंडांतली मागची 'किरकोळ टिपणं' चाळली तर अर्धे लिहिणारे शिकारी: साहेब लोक, जंगल खात्यातले अधिकारी, चहामळेवाले, संस्थानिक. कुणी वाघाची लांबी मोजून पाठवतो, कुणी महसीर मासा किती पौंडांचा लागला ते कळवतो.

याच जर्नलात ४७व्या खंडात कोरिया संस्थानच्या (आजच्या छत्तीसगडमधल्या) राजाने, म्हणजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी, १९४७ साली रात्री गाडीच्या उजेडात मारलेल्या तीन चित्त्यांची हकीकत फोटोसह छापलेली आहे. आपल्या देशातल्या चित्त्यांची ही शेवटच्या काही नोंदींपैकी एक. १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याखाली संपादकांनी लिहिलेली टीप. त्यांना इतका उबग आला की मजकूर थेट केराच्या टोपलीत टाकावा असंच आधी वाटलं. पण तो छापला तो कौतुक म्हणून नाही, तर आरोपपत्र म्हणून, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. तो फोटो आज इंटरनेटवर एकटाच फिरतो. संपादकांची टीप त्याच्याबरोबर नसते.

आमच्या आजोबांकडे जर्नलचे बरेच सुटे अंक होते. ते वनखात्यात होते. तुमची 'ब्रेकर' जमात आमच्याकडेही येऊन गेलेली आहे. स्टुअर्ट बेकरची भारतीय बदकांवरची लेखमाला जर्नलमध्ये क्रमशः आली, तिच्यात हाताएवढी सुंदर रंगीत चित्रं होती. आमच्या अंकांत लेख आहे, चित्र नाही. बांधणीजवळ कापलेल्या कागदाची बोटभर पट्टी तेवढी उभी. कुणी कापलं, कधी, घरात कुणालाच माहीत नाही.

---

मोगरा

मी न्यू जर्सीला असते. हे सगळं वाचताना अपराधी वाटायला लागलं, कारण आमच्या जिन्यात लिन बोग हंटची तीन मुखपृष्ठं फ्रेम करून लावलेली आहेत. एका प्रदर्शनात घेतली, तेव्हा हे कुठून आलं असेल असा विचारच मनात आला नाही.

पण एक सांगू का? माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला मॅलार्ड, पिनटेल, टील ही बदकांची नावं त्या जिन्यात पाठ झाली. आता आम्ही तळ्यावर गेलो की तो मला पक्षी दाखवतो. ते अंक कुणाच्या तळघरात खोक्यात अख्खे पडले असते तर हे झालं नसतं. तेव्हा सगळं चूकच, असं मला म्हणवत नाही.

---

कृष्णाकाठ

@मोगरा ताई, तुमचं काहीच चुकलेलं नाही. तुमच्यापर्यंत आली तेव्हा ती पानं सुटीच होती. आणि मुलाचं वाचून फार बरं वाटलं. खोक्यात पडून राहणं हेही काही जपणं नव्हे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एवढंच करा, जिन्यात ऊन येत असेल तर जागा बदला. त्या शाईतला तांबडा रंग आधी उडतो. आणि पुढचं चित्र हवं असेल तर मला सांगा, मी अख्ख्या अंकावरून चांगलं स्कॅन करून देतो, तुम्ही छापून घ्या. अमेरिकेत ९५ वर्षं उलटलेले अंक सगळ्यांना खुले असतात, त्यामुळे १९२०च्या दशकातलं हवं ते निवडा. बदकं तीच राहतील आणि अंकही राहील.

---

जुनाबाजार

मी पुण्याचा. दर रविवारी जुन्या बाजारात फेरी असते. मला तीन वर्षांपूर्वी एका गठ्ठ्यात 'द फील्ड' या लंडनच्या साप्ताहिकाचे काही अंक मिळाले, वर कुठल्याशा क्लबच्या ग्रंथालयाचा पुसट शिक्का. रद्दीच्या भावातच दिले त्याने. पण वास इतका की घरात ठेवू देत नाहीत. ऊन दाखवलं तर कागद आणखी पिवळा पडला. शिवाय कसर लागलीय. काय करावं?

---

कागदकाम

@जुनाबाजार, ऊन दाखवू नका, लगेच थांबवा. मी मुंबईत एका ग्रंथालयात जुन्या कागदांची निगा राखायचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१८६०-७० नंतरचा बहुतेक स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं आणि कागदातलं आम्ल त्याला ठिसूळ करतं. झालेलं परत येत नाही, वेग तेवढा कमी करता येतो.

कसर मारायला डांबरगोळ्या किंवा फवारे नकोत. अंक पिशवीत घालून हवा काढून नीट बंद करा आणि घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक अख्खा दिवस तशीच खोलीत राहू द्या, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. मग मऊ कोरड्या ब्रशने, गच्चीत किंवा बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून एकेक पान झटका. वासासाठी मोठ्या डब्यात तळाला वाटीभर खाण्याचा सोडा किंवा कोळसा, वर जाळी, त्यावर अंक उभे उघडे, झाकण लावून आठ-पंधरा दिवस. सोडा कागदाला लागता कामा नये.

पावसाळ्यात घट्ट प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका. आतल्या आत दमट होऊन बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला लागून नको, जमिनीवर नको. लोखंडी कपाटात, आडवे, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळलेले चालतात. पारदर्शक पाकीट घ्यायचं तर पॉलिस्टरचं घ्या. पीव्हीसीचं स्वस्त पाकीट काही वर्षांनी कागदाला चिकटतं.

@कृष्णाकाठ, तुमच्या १९३०च्या अंकांतल्या गुळगुळीत कागदाबद्दल एक धोक्याची सूचना. त्यावर मातीचा लेप असतो. तळघरात पाणी शिरून ते भिजले आणि तसेच वाळले, तर पानं चिकटून वीट होते आणि मग कुणालाही ती सोडवता येत नाही. भिजले तर वाळवायच्या आधी, ओले असतानाच फ्रीजरमध्ये टाका. मग पुढे काय करायचं ते सावकाश ठरवता येतं.

---

कृष्णाकाठ

@कागदकाम ताई, शतशः आभार. दोन वर्षांपूर्वी इथे बर्फ वितळून तळघरात पाणी आलं तेव्हा माझे अकरा अंक अगदी असेच वीट झाले. मी पंखा लावून वाळवत बसलो होतो. हे तेव्हा माहीत असतं तर!

पिनांबद्दल विचारायचं होतं. गंजलेल्या पिनेभोवती कागदावर तपकिरी वर्तुळ पडलंय आणि तिथूनच पानं सुटताहेत. पिन काढावी का? तुमच्या लेखी तेही फाडणंच का?

---

कागदकाम

काढा. ते फाडणं नाही. अंक मध्यावर उघडा, पिनेचे दुमडलेले पाय बोथट पातळ पात्याने हळूच सरळ करा, मग कण्याच्या बाजूने पिन वर उचला. ओढायची नाही. पाय भोकातून अडला तर त्याचा गंज आधी ब्रशने झटकायचा. मग त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून मध्यावर गाठ मारा. नवीन भोक पाडू नका, दोरा कचकचून आवळू नका. जुनी पिन एका पाकिटात घालून अंकाबरोबर ठेवा.

---

रानवाट

@गोरेवाडा, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर जर्नलचे जुने खंड आहेत हे मला माहीतच नव्हतं. काल रात्री ४७वा खंड शोधून काढला. चित्त्यांचं पान बघितलं आणि खालची टीप दोनदा वाचली. तो फोटो मी व्याख्यानांत कितीतरी वेळा दाखवला आहे, टीप एकदाही दाखवली नाही, कारण ती आहे हेच ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी अख्खं पान दाखवेन.

फोटोंबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण तुमच्याकडचे अंक रद्दीत जाऊ देऊ नका.

---

गोरेवाडा

जाणार नाहीत. काल भावाबरोबर बसून सगळे अंक काढले आणि वहीत नोंद केली. बदकांच्या लेखमालेतली सात चित्रं कापलेली सापडली. आठवं मात्र शाबूत आहे, समोरच्या पानाला चिकटलेलं होतं म्हणून कापणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असावं. @कागदकाम ताई, ते सोडवायचा प्रयत्न करू का?

---

कागदकाम

नको! हातही लावू नका. वाफ देऊ नका, पाणी लावू नका. अंक तसाच मिटून, वर-खाली पुठ्ठे ठेवून सुती कापडात बांधा आणि इकडे येणं होईल तेव्हा घेऊन या. आधी चिकटलेल्या कडेचा जवळून एक फोटो काढून इथे टाका. खळ आहे की नुसती ओल, ते त्यावरून कळेल.